रिंगणाबाहेर राहिलेला इतिहास

भारतीय सर्कशीच्या जन्माची कथा मराठी वाचकाला जवळजवळ तोंडपाठ असते. मुंबईत एका इटालियन माणसाची सर्कस येते. खेळ पाहायला संस्थानिक जमलेले असतात. सर्कशीचा मालक ताठ्यात म्हणतो, की हिंदुस्थानात असा खेळ करणारा कोणी नाही आणि व्हायला अजून बराच काळ लागेल. मग तो पैज लावतो. कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पदरी असलेले विष्णुपंत मोरेश्वर छत्रे ती पैज उचलतात, थोड्याच महिन्यांत घोड्यांचे तेच खेळ करून दाखवतात, आणि 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहते. २० मार्च १८८० हा तिच्या पहिल्या खेळाचा दिवस मानला जातो.

सर्कशीवर मराठीत आणि इंग्रजीत जे छापून येते ते मी गेली अनेक वर्षे गोळा करून वाचत आलो आहे. बहुतेक लेखांची सुरुवात याच कथेने होते. पैजेची रक्कम सांगणाऱ्यागणिक बदलते. कोणी सोबत एक घोडाही बक्षिसात घालतो. मुदत कुठे सहा महिने, कुठे तीन. या फरकांची मला फारशी चिंता नाही. तोंडोतोंडी फिरणाऱ्या कथेला असे पाय फुटायचेच. मला खटकते ते वेगळे. या एका कथेने आपल्या साऱ्या सर्कसलेखनाला आपला साचा दिला, आणि त्या साच्यात जे बसले नाही ते इतिहासाबाहेर राहिले. ते काय, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

उतरवून घेण्याची सवय

आधी एक साधी गोष्ट. इंग्रजीतल्या कित्येक लेखांत छत्रे 'कुर्दुवाडीच्या राजा'च्या पदरी होते असे लिहिलेले सापडते, आणि तिथून ते काही मराठी लेखांतही येते. कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातले रेल्वेचे जंक्शन. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीमुळे ते नावारूपाला आले. तिथे संस्थान कधीच नव्हते. संस्थान होते ते कुरुंदवाडला, नरसोबाच्या वाडीजवळ, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या परिसरात. रोमन लिपीतल्या दोन सारख्या दिसणाऱ्या नावांनी हा घोळ केला.

तीच गत त्या इटालियन माणसाच्या नावाची. जुझेप्पे क्यारिनी हे त्याचे नाव. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण त्याला 'चिआरिनी' केले. यात कोणाचे फार बिघडले असे नाही. पण मिरज-सांगलीच्या टापूत घडलेली गोष्ट मराठी माणूस इंग्रजीतून उलटी उतरवून घेतो, यावरून एवढे कळते की आपण ही कथा अभिमानाने सांगत आलो, तपासून मात्र फारशी पाहिली नाही.

आता कथेच्या घडणीकडे येऊ. परका माणूस अपमान करतो, आपला माणूस करून दाखवतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा गोष्टींची गरज होती आणि त्या सांगणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण ती एकदा इतिहास म्हणून स्वीकारली की दोन गोष्टी होतात. सर्कस म्हणजे परक्याला दिलेले उत्तर ठरते, आणि उत्तर देणारा एकटा पुरुष हाच तिचा इतिहास ठरतो. मग पुढचे लेखनही मालकांच्या नावांच्या माळेसारखे होते. छत्रे, म्हैसाळचे देवल, कार्लेकर, तासगावचे परशुराम माळी. नावे आदराचीच आहेत. कृष्णाकाठच्या एवढ्याशा पट्ट्यातून इतक्या सर्कशी निघाव्यात हे नवलच आहे. पण झुल्यावर कोण होते, दोरीवर कोण होते, ते कोणाकडे शिकले, हे प्रश्न त्या माळेत ओवले जात नाहीत.

रिंगण कोणाचे

क्यारिनीने मुंबईला दाखवले ते तंत्र त्या वेळी शंभर वर्षांहून जुने होते. इंग्लंडच्या घोडदळात सार्जंट-मेजर असलेल्या फिलिप ॲस्टलीने १७६८ मध्ये लंडनला, टेम्स नदीच्या दक्षिण काठी, घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. घोडा गोल फिरवला की घोडा आत कलतो, स्वारही आत कलतो, आणि त्या कलण्यातच पाठीवर उभे राहणाऱ्याचा तोल सांभाळला जातो. पुढे ४२ फूट व्यासाचे, म्हणजे साधारण तेरा मीटरचे रिंगण जगभर रूढ झाले. 'सर्कस' हे नाव ॲस्टलीने दिलेले नाही. ते १७८२ मध्ये चार्ल्स ह्यूज आणि चार्ल्स डिब्डिन या त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या नाट्यगृहाला दिले.

ॲस्टलीचा खरा डाव मात्र घोड्यापुरता नव्हता. दोन घोड्यांच्या मधल्या वेळात लोकांनी उठून जाऊ नये म्हणून त्याने जत्रांतून कसरतपटू, दोरीवर चालणारे आणि विदूषक आणले. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर आणि जत्रांत खेळ करत होती. ॲस्टलीने त्यांना कुंपणाच्या आत घेतले आणि दारावर पैसे घ्यायला सुरुवात केली. आधुनिक सर्कस म्हणजे हा जोड आहे. लष्करी पागेतला घोडा, जत्रेतले शरीर आणि दारावरचे तिकीट. उंच झुल्याचा खेळ त्यात फार उशिरा, १८५९ मध्ये, ज्यूल लेओतार या फ्रेंच तरुणाने पॅरिसमध्ये आणला.

हा जोड ध्यानात घेतला की आपल्याकडचे चित्रही वेगळे दिसू लागते. गोल रिंगणात धावणारा घोडा महाराष्ट्राला नवा नव्हता. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांच्या पालखीपुढे अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात, भोवती वारकरी उभे असतात, आणि घोडा गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला गर्दी उसळते. तिथे तिकीट नाही. घोडेस्वारीची विद्याही संस्थानांच्या पागांत जिवंत होती. छत्र्यांनी ती ग्वाल्हेरला जाऊन मिळवलेली होती. म्हणजे पैजेच्या कथेत 'तीन महिन्यांत शिकला' असे जे वाटते, त्यामागे आयुष्याची मेहनत होती. क्यारिनीकडून घेण्यासारखे जे होते ते म्हणजे मांडणी: तंबू, रिंगण, क्रम, तिकीट.

आणि दुसरा भाग, जत्रेतले शरीर? तेही इथे होतेच. दोन बांबूंच्या कैच्यांवर ताणलेल्या दोरीवरून डोक्यावर गाडगी घेऊन चालणारी मुलगी, उंच बांबूच्या टोकावर पोटावर झोपून फिरणारा मुलगा, खाली ढोलकी. डोंबारी आणि कोल्हाटी या जमातींनी हे खेळ गावोगाव नेले. तंबूत झुला, तार आणि काठीवरचा तोल यांना टाळ्या पडत होत्या, तेव्हा गावाच्या चव्हाट्यावर जवळपास तेच खेळ चालू होते. मराठी सर्कसलेखनाने पागेतल्या घोड्याची दखल घेतली आणि चव्हाट्यावरच्या दोरीकडे पाठ फिरवली. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

एक काठी, दोन न्याय

कोणी म्हणेल की डोंबाऱ्याचा खेळ आणि सर्कस यांत फरक आहे. आहेच. पण तो कसबाचा आहे की प्रतिष्ठेचा, हे पाहायला मल्लखांबाचे उदाहरण उपयोगी पडते. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या शेवटच्या काळात मल्लखांबाला नवे रूप दिले असे मानतात. तो तालमीत वाढला, व्यायामशाळांत गेला, शाळांत शिकवला गेला. आज त्याच्या स्पर्धा होतात, आणि २०२४ मध्ये मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. ती योग्यच होती.

आता दुसरी काठी पाहा. महाराष्ट्रात १९५९ पासून भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यातली 'भीक मागणे' याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी दान मागणे किंवा स्वीकारणे हे तर त्यात आहेच, पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे अशा निमित्ताने ते केले तरी ती भीकच, असे कायदा म्हणतो. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. पण व्याख्येमागची नजर कायद्यापेक्षा जुनी आहे. खांबावरचा तोल हा व्यायाम, तंबूतला तोल ही करमणूक आणि चव्हाट्यावरचा तोल ही भीक. शरीर तेच, श्रम तेच. बदलते ती जागा, आणि खेळणाऱ्याची जात. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत 'कोल्हाटी-डोंबारी' ही नोंद आहे. आपल्या सर्कशीच्या इतिहासात ती नाही.

मी असे म्हणत नाही की छत्र्यांनी डोंबाऱ्यांचे खेळ उचलले. तसा ठपका ठेवायला पुरावा लागतो. माझे म्हणणे एवढेच, की शरीराच्या कसरतीचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने 'या देशात हे आधी कोण करत होते' हा पहिला प्रश्न विचारायला हवा. पैजेच्या कथेत तो विचारताच येत नाही, कारण त्या कथेचे गृहीतकच असे, की क्यारिनी येईपर्यंत इथे काही नव्हते. म्हणजे ज्या वाक्याने अपमान झाला म्हणून आपण चिडलो, तेच वाक्य आपल्या इतिहासलेखनाने मान्य करून टाकले.

तलश्शेरीने काय केले

हाच इतिहास दुसऱ्या टोकाकडून कसा सांगता येतो, ते पाहायला केरळात जावे लागते. मलबार किनाऱ्यावरच्या तलश्शेरी गावची ओळख केक, क्रिकेट आणि सर्कस अशी सांगतात. तिथे कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे कळरीपयट्टू आणि कसरतीचे शिक्षक होते. छत्र्यांची सर्कस तिकडे गेली तेव्हा दोघांचा संबंध आला आणि त्यातून कलाकार घडवण्याची कल्पना रुजली. १९०१ मध्ये कुन्हीकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे सर्कशीची शाळा काढली. त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी १९०४ मध्ये 'ग्रँड मलबार सर्कस' काढली. पुढे देशभरच्या सर्कशींत मल्याळी कलाकार दिसू लागले ते या शाळेच्या परंपरेतून. १९३० च्या दशकात दोरीवरच्या उड्यांनी युरोप-अमेरिकेत नाव काढलेला कलाकारही त्याच मातीतला. तिकडे त्याला 'कण्णन बॉम्बेयो' म्हणत. माणूस मलबारचा आणि नाव मुंबईचे!

केरळात ही कथा गुरूपासून सुरू होते. कुन्हीकण्णन यांना तिथे भारतीय सर्कशीचे जनक म्हणतात, आणि मराठी लेखक त्यावर रुसतात. जनक कोण या वादात मला रस नाही. मला दिसतो तो सांगण्यातला फरक. त्यांच्या कथेच्या मध्यभागी शाळा आहे, आपल्या कथेच्या मध्यभागी तंबू. शाळेची कथा सांगितली की आपोआप विचारावे लागते, की मुले कोणाची होती, कोणत्या घरांतून आली, त्यांना काय मिळाले. निशा पी. आर. यांनी २०२० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या भारतीय सर्कशीच्या सामाजिक इतिहासात जात, श्रम आणि शरीर यांचे प्रश्न थेट येतात. श्रीधरन चंपाड यांनी आयुष्यभर सर्कशीवर लिहिले. मराठीत या तोडीचा ग्रंथ मला भेटलेला नाही.

याचे आश्चर्य आणखी एका कारणाने वाटते. ज्या १८८० सालच्या मार्चमध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' सुरू झाली, त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला. दोन्ही कला फिरत्या, दोन्ही तिकिटावर चालणाऱ्या, दोघींचीही मुळे दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानी आश्रयाशी जोडलेली. एकीच्या वाट्याला चरित्रे, समीक्षा, संमेलने आणि संग्रहालये आली. दुसरीच्या वाट्याला दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीतल्या आठवणी. नाटकात शब्द होते आणि शब्द सांभाळणारा वर्ग होता. सर्कशीत शरीर होते, आणि शरीर थकले की त्याची नोंदवही मिटते.

सखेसोबती आणि मुले

मराठीतले सर्कशीवरचे सर्वांत लोकप्रिय पुस्तक बहुधा दामू धोत्रे यांचे 'वाघसिंह माझे सखेसोबती' असेल. पुण्याचा हा मुलगा मामाच्या सर्कशीतून पुढे आला आणि अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्समध्ये वाघ-सिंहांचा शिक्षक म्हणून गाजला. पुस्तक वाचनीय आहे, आणि त्यातला माणूस आपल्या जनावरांवर जीव लावणारा आहे. तरीही टीकाकार म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. 'सखेसोबती' हा शब्द एका बाजूची साक्ष आहे. दुसऱ्या बाजूला वाचा नव्हती. १९९० च्या दशकात केंद्र सरकारने वाघ, सिंह, अस्वल, बिबळ्या आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या अधिसूचना काढल्या. सर्कसमालक न्यायालयांत गेले, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली.

त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात एक वाक्य येते: प्राणी गेले आणि सर्कस संपली. हे वाक्य सोयीचे आहे. त्यात कायदा खलनायक होतो आणि प्रेक्षक निर्दोष सुटतो. पण शहरातली मोकळी मैदाने, त्यांची भाडी, घरातला दूरचित्रवाणी संच, हे सारे त्या बंदीच्या आधीपासून सर्कशीचा घास घेत होते. आणि त्याहून अवघड गोष्ट २०११ मध्ये पुढे आली. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचा आदेश दिला. गरीब घरांतली, कित्येकदा नेपाळमधून आणलेली मुले करारांनी बांधली जात होती, हे त्या प्रकरणात उघड झाले.

लवचीक शरीर लहानपणीच घडवावे लागते, हे कसरतीतल्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणजे तंबूतल्या ज्या क्षणी आपण श्वास रोखला, त्या क्षणाची किंमत कोणाच्या तरी बालपणाने मोजलेली असू शकते. ही जाणीव सर्कशीवरचे प्रेम संपवत नाही, पण नुसत्या हळहळीला जागाही ठेवत नाही. केरळ सरकारने २०१० मध्ये तलश्शेरीला सर्कस अकादमी काढून शाळा आणि सराव एकत्र बसवण्याचा प्रयत्न केला. काही वर्षांत ती बंद पडली. दिशा मात्र बरोबर होती: शिकणे हक्काचे, आणि खेळणे स्वेच्छेचे. जिम्नॅस्टिक्समधल्या मुलाला आपण हेच देतो. झुल्यावरच्या आणि दोरीवरच्या मुलाला ते द्यायचे आपल्याला कधी सुचले नाही.

पैजेऐवजी शागिर्दी

तर छत्र्यांच्या कथेचे काय करायचे? ती टाकून द्यावी असे मला वाटत नाही. ती दुसऱ्या बाजूने वाचावी. ज्या माणसाला आपण पैज जिंकणारा म्हणून डोक्यावर घेतले, त्याच्या आयुष्यातली पैज ही सर्वांत लहान गोष्ट आहे. अंकलखोपचा हा मुलगा ग्वाल्हेरला जाऊन घोड्यांची विद्या शिकला आणि हद्दू खाँसाहेबांकडे गाणेही शिकला. पुढे गुरूचा मुलगा रहिमत खाँ काशीत अन्नान्न दशेत फिरत असल्याचे कळल्यावर छत्र्यांनी त्याला आणून आपल्याजवळ ठेवले, सांभाळले. त्या विस्कटलेल्या, स्वतःतच हरवलेल्या गवयाला पुढे 'भूगंधर्व' म्हटले गेले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावर त्याची छाप पडली. १९०५ मध्ये विष्णुपंत गेल्यावर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी ती जबाबदारी पुढे चालवली. रहिमत खाँ १९२२ मध्ये वारले ते कुरुंदवाडलाच.

हे सारे एकत्र ठेवून पाहिले की दिसतो तो शागिर्द. गुरूचे ऋण गुरूच्या मुलावर फेडणारा, स्वतः शिकलेला आणि मलबारच्या शिक्षकाशी नाते जोडून पुढच्यांच्या शिकण्याला वाट करून देणारा. विद्या हातातून हातात कशी जाते, हा सर्कशीचा खरा इतिहास आहे. क्यारिनीलाही त्यात जागा आहे, कारण त्याच्याकडूनही काही शिकले गेले. परक्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. पैजेच्या कथेने तो उगाच आणून ठेवला.

आणि शागिर्दीचा इतिहास लिहायचा तर दोरीवरच्या मुलीलाही त्यात घ्यावे लागेल. तिनेही आईकडून पाऊल शिकले आहे आणि बापाच्या ढोलकीवर तोल. तिच्या विद्येला आपण पोटाचा धंदा म्हटले आणि छत्र्यांच्या विद्येला कला. जुन्या जाहिराती, हस्तपत्रके, संस्थानांच्या दप्तरांतल्या पागेच्या नोंदी, थकलेल्या कलाकारांच्या आठवणी आणि डोंबारी-कोल्हाटी वस्त्यांतली तोंडी परंपरा, हे सारे एका टेबलावर आणून वाचण्याचे काम मराठीत अजून व्हायचे आहे. सांगली, मिरज, तासगाव, कुरुंदवाड या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी ते वाटून घेतले तर एका पिढीत होण्यासारखे आहे. पण तंबूतल्या माणसांच्या आठवणी आधी टिपायला हव्यात. दप्तरे थांबतील, ती माणसे थांबणार नाहीत.